पेंद्याचं नाव घ्यायचं की नाही

विनोदी नट मोकळेपणी बोलायला बसला, की ऐकणाऱ्याने त्याच्याशी कसं वागावं, यावरून माझं आणि अण्णांचं जमत नाही. अण्णा माझे थोरले काका. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात आमच्या वाडीच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, त्यांनी तरुणपणापासून पार गुडघे दुखायला लागेपर्यंत गवळणीतली मावशी केली. लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून ते पडद्याआडून आले की पुढे बसलेली पोरं हसायला लागायची, तोंडातून शब्द निघायच्या आधीच. मी इथल्याच एमआयडीसीत एका कंपनीत तपासणीच्या कामाला आहे. भाकऱ्या भाजताना, कपडे वाळत घालताना माझ्या कानात मराठी पॉडकास्ट चालू असतो. 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक', 'व्हायफळ', जे समोर येईल ते. त्यात एखादा विनोदी नट दीड-दोन तास बोलणार असेल तर मी तो भाग चुकवत नाही. टीव्हीवर ज्याला पाच मिनिटांत हशा काढताना बघितलं, तो माणूस थांबत, अडखळत आपल्या आईविषयी, उधारीविषयी, भीतीविषयी बोलतो, ते मला मोलाचं वाटतं. अण्णांना ते पसंत नाही. ज्याने स्वतः उभं राहून लोकांना हसवलं आहे त्याची ही नापसंती आहे, म्हणून ती मी गंभीरपणे घेते.

हा वाद एका बैठकीत झालेला नाही. कधी ओटीवर, कधी जेवताना, एकदा रत्नागिरीत दवाखान्याबाहेर नंबर यायची वाट बघताना, असा तो तुकड्यातुकड्यांनी झाला आहे.

अण्णा : सोंग पुसलं की सोंगाड्या घरी जातो. त्याच्यामागून त्याच्या घरात शिरायचं काय कारण?

मी : कोणी शिरत नाही अण्णा. तोच दार उघडतो. आपण होऊन सांगतो.

अण्णा : आपण होऊन? समोर माईक, दोन-तीन कॅमेरे, आणि विचारणारा गोड बोलणारा. इतक्या आपुलकीने विचारलं तर मीसुद्धा सांगेन. घरी आल्यावर वाटेल, हे नव्हतं सांगायचं.

मी : मग तेवढं काढून टाका म्हणून कळवता येतं.

अण्णा : ज्याला उद्या परत काम पाहिजे असतं, तो असं कळवत नाही गो.

मी : पण अण्णा, आपल्याकडे कोण कोणाला काय सांगतो? कोणी रडायला लागला की आपण टोमणा मारून त्याला गप्प करतो. आख्ख्या वाडीत दुःख बोलायला जागा नाही. ज्याने आयुष्यभर हसवलं तोच जर म्हणाला, की मला रात्री झोप लागत नाही, तर ऐकणारा एखादा तरी आपल्या बायकोला सांगेल ना, की मलाही लागत नाही.

अण्णा : सांगतो का? तू इतके ऐकतेस. तुझ्या कंपनीत कोणी सांगितलं?

त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. कंपनीत काय होतं ते मी जवळून बघते. टीव्हीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ साली सुरू झाली, तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत तिचा विषय निघाला नाही असे दिवस थोडेच. ओंकार भोजने चिपळूणचा, म्हणजे आमच्या जिल्ह्यातला. त्याचा हेल कानावर पडला की घरातलंच कोणी बोलतंय असं वाटतं. गौरव मोरे पवईच्या फिल्टरपाड्यातला; त्याने वस्तीचं नाव लपवलं तर नाहीच, उलट मंचावर आपल्या नावाला जोडून घेतलं. अशा नटांच्या लांब मुलाखती आल्या की दुसऱ्या दिवशी डबे उघडता उघडता चर्चा होते. नट गरिबीविषयी बोललेला असला की सगळे हळवे होतात. 'बघ, अजून पाय जमिनीवर आहेत.' 'किती साधा आहे.' तसाच एखादा नट कामाच्या पैशांविषयी बोलला, कराराची अडचण म्हणाला, आता वेगळं काही करावंसं वाटतं म्हणाला, की आवाज बदलतात. 'आता हवा डोक्यात गेली.' भोजने २०२२ मध्ये कार्यक्रमातून बाहेर पडला, २०२४ मध्ये मोरे. दोन्ही वेळा आमच्याकडे घरातला मुलगा वेगळा निघाल्यासारखं बोललं गेलं.

मला याचा राग येतो. उपाशी दिवसांची गोष्ट आपल्याला गोड लागते, कारण ते दिवस संपलेले असतात आणि ती ऐकताना आपल्याला काही द्यावं लागत नाही. आजच्या पैशाची गोष्ट सांगणारा मात्र आपल्या बरोबरीला येऊन बसतो. मोकळेपणाचं कौतुक करणारा श्रोता मोकळेपणाची हद्दही स्वतःच ठरवत असतो. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

अण्णा : एका वर्षी मुंबईकरांच्या मंडळाने नमनाची सुपारी दिली होती. गावात परत आल्यावर मी हिशेब विचारला. मृदंगवाल्याला किती, आम्हाला किती. त्या दिवसापासून बोलायला लागले, मावशीला आता मान पाहिजे. मी मान मागितला नव्हता, हिशेब मागितला होता.

मी : मग तेच तर म्हणते मी. तुमच्या बाबतीतही तेच झालं.

अण्णा : माझ्या बाबतीत झालं म्हणूनच सांगतो, बोलू नये. सोंगात असताना मी सरपंचाला त्याच्या तोंडावर काय काय बोललोय. तो हसायचा. सोंग उतरवून एक वाक्य बोललो, ते लोकांनी धरून ठेवलं.

मी : म्हणून तर जास्त जणांनी, जास्त वेळा बोलायला पाहिजे. एकटाच बोलतो तेव्हा तो सापडतो.

इथे आमचं अडलं. दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मीकांत बेर्ड्यांचा विषय काढला. 'एक होता विदूषक' हा १९९२ चा सिनेमा. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, गाणी ना. धों. महानोरांची. तमाशातला सोंगाड्या सिनेमात जातो, मग राजकारणात ओढला जातो आणि हसवणं हेच त्याच्या गळ्यातलं ओझं होऊन बसतं, अशी ती गोष्ट. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थिएटरात मात्र लोकांनी पाठ फिरवली. अण्णांनी तो तेव्हाच पाहिला होता.

अण्णा : लोक लक्ष्या बघायला आले होते. हसायची तयारी करून बसले होते. मध्यंतरापर्यंत वाट बघितली आणि उठले. त्यांना मी दोष देत नाही.

मी : तुम्ही उठलात?

अण्णा : मी कसा उठेन? माझंच चाललं होतं ना पडद्यावर.

मी : मग बेर्ड्यांवर अन्याय झाला असं नाही वाटत? डिसेंबर २००४ मध्ये ते गेले, जेमतेम पन्नास वर्षांचे. यूट्यूब आलं २००५ मध्ये. कोणी त्यांना दोन तास निवांत बसवून विचारलं असतं, तर त्या सिनेमाविषयी काय वाटलं, उठून गेलेल्या लोकांविषयी काय वाटलं, ते आज त्यांच्या आवाजात आपल्याजवळ असतं.

अण्णा : 'शांतेचं कार्टं चालू आहे' नाटक आहे ना आपल्याजवळ. तेवढं पुरे. माणसाने काम ठेवून जावं. आणि तो सिनेमा हीच त्याची मुलाखत होती असं समज. जे बोलायचं ते सोंग घेऊनच बोलला. गवाणकरांनीही तेच केलं.

गंगाराम गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे, 'वस्त्रहरण'चे लेखक. नाटक १९८० मध्ये आलं, सुरुवातीला चाललं नाही, पु. लं. नी कौतुकाचं पत्र लिहिलं आणि नशीब पालटलं. पुढे मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. ही सगळी ओढाताण गवाणकरांनी नंतर 'व्हाया वस्त्रहरण' म्हणून सांगितली, पुस्तकातून आणि रंगमंचावरूनही. अण्णांचा मुद्दा असा, की तिथे दोरी गवाणकरांच्या हातात होती. कुठे हसू येऊ द्यायचं, कुठे गप्प व्हायचं, ते त्यांनी ठरवलं. मुलाखतीत दोरी दुसऱ्याच्या हातात जाते आणि ती ऐकून झाल्यावर तर हजारांच्या हातात.

हे खोटं नाही. पण दोरी हातात ठेवून सांगितलेलं आणि ती सुटल्यावर निघालेलं, यात फरक असतो आणि मला दुसऱ्याची ओढ आहे. त्यासाठी मी अण्णांना सातासमुद्रापलीकडची एक गोष्ट सांगितली. अमेरिकन विनोदी नट रॉबिन विल्यम्स त्यांना माहीत होते, 'जुमांजी'मुळे. 'मिसेस डाऊटफायर' या १९९३ च्या सिनेमात ते बाई झाले होते आणि आपल्याकडचा 'चाची ४२०' त्याच वळणावरून आला, हे कळल्यावर अण्णा जरा पुढे सरकून बसले. बाईचं सोंग घेणाऱ्याविषयी त्यांना नेहमीच आस्था.

मार्क मॅरन हा स्वतः अमेरिकेतला विनोदी कलाकार. त्याचा पॉडकास्ट २००९ पासून २०२५ पर्यंत चालला. एप्रिल २०१० मध्ये तो विल्यम्सच्या घरी जाऊन बसला. एरवी विल्यम्स म्हणजे वाक्यावाक्याला आवाज बदलणारा, समोरच्याला श्वास घेऊ न देणारा माणूस. त्या दिवशी ते सावकाश बोलले. वीस वर्षं सुटलेली दारू परत कशी लागली, काडीमोड, हृदयाची शस्त्रक्रिया, दुसऱ्यांचे विनोद उचलल्याचा आरोप. आत्महत्येचा विचार एकदा मनात डोकावला होता, त्याविषयीही बोलले, आणि ते सांगतानाही स्वतःशीच संवाद करून हसवलं. ज्यांना हा माणूस दमवणारा वाटायचा, अशा कितीतरी श्रोत्यांना तो त्या तासाभरात पहिल्यांदा भेटला.

अण्णा : मग पुढे?

मी : ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी जीव दिला. मॅरनने तो भाग परत ऐकवला. लोकांनी पुन्हा ऐकला.

अण्णा : आणि म्हणाले असतील, बघा, तेव्हाच सांगत होता.

मी : हो. पुष्कळांना तसंच वाटलं.

अण्णा : होतं का तसं?

मी : नाही. शवविच्छेदनात मेंदूचा आजार निघाला, लेवी बॉडी डिमेन्शिया. शेवटच्या वर्षभरात तो झपाट्याने वाढला होता. भीती, झोप उडणं, हात थरथरणं, पाठ केलेले संवाद विसरणं. जिवंतपणी त्याचं खरं नाव कोणाला कळलंच नव्हतं. त्यांच्या पत्नीने, सुझन विल्यम्स यांनी, २०१६ मध्ये मेंदूविकारांच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला, डॉक्टरांना समजावं म्हणून.

अण्णा : म्हणजे लोकांनी जे ऐकलं, ते त्याने सांगितलेलंच नव्हतं.

त्यांच्या या वाक्यापाशी मी थांबले आणि अजूनही थांबते. २०१० मध्ये विल्यम्स एका वाईट काळातून बाहेर आल्याची गोष्ट सांगत होते. ऐकणाऱ्यांनी चार वर्षांनी तिची भविष्यवाणी केली. हसणाऱ्याच्या आत दुःख असतंच, हा समज आपल्याला इतका आवडतो की डॉक्टरांचा कागद समोर असतानाही तो सोडवत नाही. विनोदी माणूस काहीही बोलला तरी आपण त्यातून रडणारा विदूषकच काढून घेतो. आजारी माणसाला आजारी म्हणण्याऐवजी त्याची दंतकथा करतो. यात त्या माणसाचं काही भलं नाही, आणि तसाच आजार असलेल्या दुसऱ्या कोणाचं तर मुळीच नाही. अण्णांना मात्र मी एवढंच म्हणाले, की हा दोष ऐकण्याचा आहे, बोलण्याचा नाही. विल्यम्स बोलले नसते तर दंतकथा झालीच असती, फक्त त्यांच्या आवाजाशिवाय. आणि सुझन विल्यम्स नंतर मोकळेपणी बोलल्या म्हणूनच ती खोडता आली. बोलण्याने झालेली गफलत शेवटी बोलण्यानेच निस्तरली. अण्णा 'हं' म्हणाले. तेवढ्यावर त्या दिवशी उठलो.

आमचा खरा वाद लागला तो सुनीताबाईंवरून.

रत्नागिरीला पु. ल., म्हणजे भाई, जावई म्हणून ठाऊक आहेत. सुनीता ठाकूर इथे जन्मल्या, १९२६ मध्ये. वडील इथले वकील. बेचाळीसच्या चळवळीत उडी घेतलेली मुलगी. १२ जून १९४६ ला रत्नागिरीतच दोघांचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं. पुढे 'व्यक्ती आणि वल्ली'तल्या अंतू बर्व्याने हे शहर सगळ्या मराठी घरांत नेलं. आणि १९९० मध्ये सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं. महाराष्ट्राला सर्वांत जास्त हसवणाऱ्या माणसाबरोबरचा संसार त्याच्या बायकोच्या नजरेतून, त्याच्या डोळ्यांदेखत छापून आला. आज ज्याला आपण मनमोकळी मुलाखत म्हणतो तिचं मराठीतलं सर्वांत मोठं उदाहरण माझ्या मते हे पुस्तक आहे, आणि ते विनोदी माणसाने नाही, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने सांगितलेलं आहे. वाचकांत तेव्हा सरळ दोन तट पडले.

अण्णा : नगर वाचनालयात पुस्तकाला नंबर लागलेले. मला फार उशिरा मिळालं. तोवर लोकांकडून सगळं ऐकून झालं होतं. घरची धुणी चव्हाट्यावर धुतली, असंच बोलायचे. आपल्या देवमाणसाला बाईने खाली ओढलं, असंही.

मी : आणि तुम्हाला वाचल्यावर काय वाटलं?

अण्णा : मला ते खाली ओढलेले दिसले नाहीत. पण सांगायला नको होतं असं वाटलं. भाईंना हसत बघायची लोकांना सवय. प्रत्येक हसण्यामागे आता ती बाई उभी राहणार, सगळं निस्तरत.

मी : ती उभीच होती अण्णा! प्रयोगांची व्यवस्था, पैशांचा हिशेब, कोणाला हो म्हणायचं, कोणाला नाही, हे सगळं ती करत होती. आपल्याला दिसत नव्हती एवढंच. तुमच्या मावशीचं लुगडं कोण धुवायचं? नमनाच्या दिवसांत बैलांना वैरण कोण घालायचं?

अण्णा : तुझी काकी.

मी : काकीला कोणी कधी विचारलं? दोन तास बसवून?

अण्णा गप्प झाले. मला त्यांना गप्प करायचं नव्हतं. काकी जाऊन फार काळ झालेला नाही. पण हा प्रश्न मला विचारायचाच होता. आपल्याकडे विनोदी माणसाच्या मुलाखती होतात, त्याच्या घरच्यांच्या होत नाहीत. झाल्याच तर त्याच्याविषयी चार गोड वाक्यं घेण्यापुरत्या. त्याने आपल्या गरिबीची गोष्ट सांगितली की ती त्याची एकट्याची होते. त्या गरिबीत रॉकेलच्या रांगेत उभी राहिलेली आई, नोकरी करून घर चालवलेली बहीण, त्याच्या कहाणीत एकेका वाक्याच्या धनी. श्रोत्यांचे डोळे भरून येतात ते त्याच्यासाठी. सुनीताबाईंनी ही मांडणी उलटी केली, म्हणून त्या बोचल्या.

थोड्या वेळाने अण्णाच बोलले, आणि जे बोलले त्याने वादाची दिशा बदलली.

अण्णा : ठीक आहे. पण त्या पुस्तकात दोन गोष्टी आहेत, त्या तू धर. एक, भाई तेव्हा हयात होते. त्यांना उलट सांगायची सोय होती. त्यांनी उत्तरादाखल पुस्तक लिहिलं नाही, तो त्यांचा विचार. पण सोय होती. दोन, त्या बाईने स्वतःला सोडलेलं नाही. जितकं नवऱ्याला तपासलं त्याहून कडक स्वतःला तपासलंय. लिहिताना माणूस थांबतो, खोडतो. तुझ्या त्या मुलाखतींत काय होतं? विनोदी माणूस बोलतो तो लोकांना धरून ठेवायच्या सवयीने बोलतो. समोरचा हसला की आणखी एक किस्सा. आणि किश्शात कोणीतरी तिसरा असतोच. जुना मित्र, बाप, पहिली बायको. तो तिसरा माईकपुढे नसतो.

मी : म्हणजे दुसऱ्याविषयी बोलूच नये? मग आयुष्याविषयी बोलणार काय? दादा कोंडक्यांनी 'एकटा जीव'मध्ये अनिता पाध्यांना सगळं सांगितलं, त्यातली माणसं काढली तर उरतं काय?

अण्णा : दादा दादा होते. ऐकणाऱ्याने विचारावं एवढंच म्हणतो मी. हा बोलतोय ते खरं का, हे तुम्ही विचारता. तो तिसरा आत्ता हे ऐकत असेल तर, हे कोणी विचारत नाही.

हा निकष मला आजवर कोणी दिला नव्हता, आणि तो मी घेतला. तेव्हापासून कुठलीही मुलाखत ऐकताना मी त्या तिसऱ्याला शोधते. काही नट त्याला फार जपून आणतात. नाव घेत नाहीत, त्याचा दोष सांगताना आपलाही सांगतात. काही जण त्याच्यावर हशा घेतात. श्रोते बहुतेक वेळा दोघांचंही सारखंच कौतुक करतात, 'काय मोकळा माणूस आहे' म्हणून. मला आता ते सारखे वाटत नाहीत. पण अण्णांना यातून जे सिद्ध करायचं आहे, म्हणजे न बोललेलंच बरं, ते मी अजूनही मानत नाही. का नाही, ते त्यांच्याच गोष्टीतून सांगते.

गेल्या शिमग्यापासून मी अण्णांच्या मागे लागले आहे, की तुमचं बोलणं मला फोनवर रेकॉर्ड करू द्या. नमन-खेळे करणारी त्यांच्या पिढीची माणसं एकेक करून जात आहेत. गण कसा उभा करायचे, मृदंगाची कुठली थाप पडली की कोणी पडद्याबाहेर यायचं, संकासुराला पोरं कशी भ्यायची, बाईचा आवाज घसा न बसवता रात्रभर कसा लावायचा, हे कुठे लिहिलेलं नाही. अण्णा याला तयार आहेत. अडतं ते गवळणीपाशी.

गवळणीत मावशी आणि पेंद्या यांची जोडी. आमच्या नमनातला पेंद्या अण्णांचा बालमित्र. आता हयात नाही. पुढे त्याला दारू लागली. भर गवळणीत बोलणं विसरायचा, भलतंच काही सुरू करायचा, एकदा तर मांडी घालून खालीच बसला. त्या त्या वेळी अण्णांनी जे सुचेल ते बोलून वेळ मारून नेली आणि लोक हसून लोळले. पंचक्रोशीत मावशीच्या हजरजबाबीपणाचं नाव झालं, ते यातून.

मी : मग हेच तर सांगायला पाहिजे. नाहीतर लोक म्हणत राहणार, मावशी हजरजबाबी होती. खरं तर तुम्ही मित्राला सावरत होतात.

अण्णा : त्याची बायको या वाडीत राहते. मुलगा आहे, सून आहे, नातू शाळेत जातो. उद्या शाळेत कोणी म्हणायला नको, तुझा आजोबा पिऊन पडायचा.

मी : वाडीला ठाऊक आहेच ना ते?

अण्णा : वाडीला ठाऊक आहे. वाडीला तो कसा होता हेसुद्धा ठाऊक आहे. माझ्या बापाला रात्री खाटेवर घालून शहरात नेलं तेव्हा पुढची बाजू त्याने धरली होती. तुझ्या फोनमधून ऐकणाऱ्याला एवढंच कळणार, की पेंद्या प्यायचा. आणि त्यातलाही एक मिनिटाचा तुकडा काढून कोणीतरी पाठवणार.

मी : खाटेची गोष्टही सांगा मग. दोन्ही सांगा. दोन तास एवढ्यासाठीच असतात.

अण्णा : ऐकणारा दोन तास ऐकतो का?

मी : मी ऐकते.

अण्णा : तू ऐकतेस गो बाय. तू एकटी.

यावर माझं म्हणणं असं, की मी एकटी नाही. तुकडे बघून मत बनवणारे पुष्कळ आहेत, खरं आहे, पण जेवताना, गाडी चालवताना, शेतात पाइप जोडताना पूर्ण दोन तास ऐकणारेही आहेत; त्यांचा आवाज होत नाही, कारण ते लगेच काही बोलत नाहीत. बोलणाऱ्याने कोणाकडे बघून बोलायचं, हा प्रश्न आहे. तुकडेवाल्यांच्या भीतीने पेंद्याची गोष्ट पुरली, तर उरते ती मावशीच्या हजरजबाबीपणाची, आणि ती पेंद्यावर अन्याय करणारी आहे. कारण अण्णांनी एकदा बोलता बोलता आणखी एक सांगितलं होतं. पुढे पुढे त्यांना कळेनासं झालं होतं, की पेंद्या खरंच विसरतोय की त्यांना बोलायला जागा करून देतोय. ज्या रात्री तो अजिबात प्यायलेला नव्हता, त्या रात्रीही तो ठरावीक ठिकाणी विसरायचा आणि मावशीकडे बघायचा. म्हणजे निम्मा हशा त्याचा होता. तो त्याच्या नावावर लागायचा असेल तर दारूही सांगावी लागेल. एक झाकून दुसरं दाखवता येत नाही.

अण्णांनी हे मान्य केलं, पण स्वतःची अट घालून. पेंद्याच्या बायकोला आधी विचारायचं. ती हो म्हणाली तरी रेकॉर्ड झाल्यावर पहिल्यांदा तिने आणि मुलाने ऐकायचं, मग आम्ही, मग बाकीचे. जे नको म्हणतील ते काढायचं, कारण विचारायचं नाही. आणि ती मुळातच नाही म्हणाली, तर गवळण सांगायचीच नाही; गण सांगायचा, मृदंग सांगायचा, संकासूर सांगायचा, मावशीविषयी एक शब्द नाही. अर्धी खरी मावशी ते सांगणार नाहीत.

ही शेवटची अट मला अजून पटलेली नाही. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम तेच होतं आणि ते दुसऱ्याच्या होकारावर ठेवायला माझं मन घेत नाही. तसं मी त्यांना म्हणालेही. ते म्हणाले, तो होकार मिळाला नाही तर काम झालं नव्हतं असं थोडंच होणार आहे? ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. नारळ घेऊन जायचं ठरलं आहे. बोलणार अण्णा, मी फक्त बरोबर. फोन घरी ठेवून यायचा, असं त्यांनी बजावलं आहे.